इटालियन चीज आणि वाइन: खानदेशात राहून स्वस्तात कशी घ्यायची

चीज स्वस्त पडलं की महाग, हे बिलावर ठरत नाही. आणलेल्यातलं किती पानात पडलं आणि किती फेकावं लागलं, यावर ठरतं. समजा २०० ग्रॅमचा तुकडा ८०० रुपयांना आहे, म्हणजे किलोला ४,००० रुपये. त्याच दुकानात अख्खा किलो ३,००० ला मिळतोय म्हणून घेतला आणि त्यातला पाव किलो बुरशी लागून गेला, तर उरलेल्या ७५० ग्रॅमला ३,००० पडले. हिशोब पुन्हा किलोला ४,००० वर आला, वर फ्रिजमधली जागा अडली ती वेगळीच.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला याची फिकीर करावी लागत नाही. लागलं की शंभर ग्रॅम आणता येतं. जळगाव, धुळे, नंदुरबारला इटालियन माल नीट थंड ठेवून विकणारं दुकान शोधायचं तर बहुतेक वेळा मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट, पुणे, नाशिक, नाहीतर इंदूर-सुरत गाठावं लागतं. मधे कित्येक तासांचा प्रवास, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ वर. त्यामुळे इथल्या माणसाने खरेदीचे नियम वेगळे ठेवायला हवेत. पहिला नियम असा की दुकानातून कडक चीज घ्यावं आणि मऊ चीज दुकानातच राहू द्यावं.

कडक चीजमध्ये सगळ्यांच्या तोंडी नाव असतं पार्मेजानचं. मूळ पार्मिज्यानो रेज्ज्यानो इटलीच्या पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि बोलोन्या-मांतोव्हाच्या काही भागातच बनतं. चाकासारख्या गोल ढेपेत ते बनतं; अशा एका चाकाला साधारण ५५० लिटर दूध लागतं, चाकाचं वजन ४० किलोच्या आसपास भरतं आणि कमीत कमी १२ महिने ते मुरवावं लागतं. त्याच घराण्यातलं ग्राना पादानो उत्तर इटलीत कितीतरी मोठ्या पट्ट्यात बनतं आणि ९ महिन्यांपासून विकायला मोकळं असतं. उत्पादन मोठं, मुरवण्याचा काळ कमी, म्हणून भाव कमी. किसून पास्त्यावर, सूपमध्ये किंवा भाजलेल्या वांग्यावर घालायचं असेल तर ग्राना पादानोच घ्या, माझा त्याबाबत अजिबात आग्रह ढळत नाही. २४ महिन्यांचं पार्मिज्यानो नुसतं तोडून खायचं असेल तेव्हाच त्याचे जास्तीचे पैसे वसूल होतात. गरम पास्त्यात विरघळल्यावर हा फरक फार थोड्यांना कळतो.

पेकोरिनो रोमानो हे मेंढीच्या दुधाचं, आणि नावात रोम असलं तरी बहुतांश सार्डिनिया बेटावर बनतं. ते चांगलंच खारट असतं. म्हणून पाककृतीत जेवढं पार्मेजान सांगितलंय त्याच्या दोन तृतीयांश पेकोरिनो घ्यायचं आणि मीठ शेवटी चव बघूनच घालायचं. कमी लागतं, म्हणून पुरतं. कळण्याच्या गरम भाकरीवर लोणी लावून वरून पेकोरिनो किसलं तर त्याचा खारटपणा उडदाच्या चवीला छान धरून राहतो.

शाकाहारी घरांनी एक गोष्ट नीट पाहावी. पार्मिज्यानो रेज्ज्यानो आणि ग्राना पादानो त्यांच्या नियमानुसार वासराच्या रेनेटने, तर पेकोरिनो रोमानो कोकराच्या रेनेटने बनतं. रेनेट म्हणजे दूध विरजणारं पाचकद्रव्य, जनावराच्या जठरातून काढलेलं. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका, घटकांच्या यादीत ‘मायक्रोबियल रेनेट’ (सूक्ष्मजीवांपासून केलेलं) किंवा ‘व्हेजिटेरियन रेनेट’ असं स्पष्ट लिहिलंय का ते वाचा. अशा रेनेटने बनलेलं कडक चीज ‘पार्मेजान’ किंवा ‘इटालियन हार्ड चीज’ या नावाने मिळतं, आणि बऱ्याचदा स्वस्तही असतं. त्यावर डीओपीचा, म्हणजे ठरलेल्या प्रदेशात ठरलेल्या पद्धतीने बनल्याची खूण असलेला लाल-पिवळा गोल शिक्का नसणार, कारण ते मूळ नियमात बसत नाही. किसून वापरायला ते उत्तम चालतं. घरात जैन किंवा कडक शाकाहारी पाहुणे येणार असतील तर तेच आणावं आणि वेष्टन जपून ठेवावं, म्हणजे विचारलं तर दाखवता येतं.

तुकडा निवडताना साल कुठे आहे ते बघा. चाकाच्या वरच्या किंवा खालच्या कडेचा तुकडा असेल तर दोन बाजूंना साल येते, आणि सालीचे पैसे चीजच्याच भावाने मोजावे लागतात. मधल्या उंचीचा, एकाच बाजूला साल असलेला तुकडा घ्यावा. मूळ चीजच्या सालीवर ठिपक्यांनी नाव उठवलेलं असतं, तुकडा छोटा असला तरी त्यातली दोन-चार अक्षरं दिसतात. साल अजिबात नसलेला चौकोनी ठोकळा हे चीज असलं तरी ते नक्की कुठलं, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. किसलेल्या डब्याच्या वाटेला जाऊ नये. किसल्यावर सुगंध झपाट्याने उडतो, आणि गोळे होऊ नयेत म्हणून त्यात बहुतेक वेळा सेल्युलोज घातलेलं असतं. म्हणजे उडालेल्या वासाचे आणि सेल्युलोजचे पैसे आपण चीजच्या भावाने देतो.

सूट मिळते ती तारखेजवळच्या मालावर. दुकानदाराला तारीख उलटलेला माल विकता येत नाही, म्हणून शेवटच्या तीन-चार आठवड्यांत भाव खाली येतो. विचारायला संकोच करू नका, सरळ म्हणा, ‘डेट जवळ आलेलं हार्ड चीज आहे का?’ फ्रिजच्या मागच्या कप्प्यातून बऱ्याचदा निघतं. दुसरा मोका जानेवारीत. नाताळ आणि नववर्षाच्या गिफ्ट हॅम्परसाठी मागवलेला माल पडून राहिला की उतरत्या भावात निघतो, आणि नेमकी तीच आपल्याकडे थंडी असते, त्यामुळे प्रवासातही चीज नीट येतं. व्हॅक्यूम पॅक असलेल्या कडक चीजला तारीख जवळ आल्याने फारसं काही होत नाही, त्यात पाणीच मुळात तीस टक्क्यांच्या आसपास असतं. पण हाच न्याय बुर्राता, पाण्यातलं मोझरेला, रिकोटा, मास्कारपोने या मऊ चीजना लावू नका. त्यांवर पन्नास टक्के सूट दिसली की समजायचं, आज रात्रीच्या आज संपवता येत असेल तरच हात लावायचा. गाडीत बसून खानदेशात येईपर्यंत ती सूट संपलेली असते.

पाकीट हातात घेऊन दाबून बघा. प्लास्टिक चीजला घट्ट चिकटलेलं हवं. सैल झालं असेल तर हवा शिरली आहे आणि फुगलं असेल तर आत काहीतरी वाढतंय, दोन्ही नको. पाकिटाच्या आत तेलाचे थेंब किंवा चकाकणारा थर दिसला तर माल कुठेतरी उन्हात तापून पुन्हा थंड झालाय. चीजमधली चरबी उष्णतेने सुटते आणि परत आत मुरत नाही, मग ते एका बाजूला तेलकट आणि दुसऱ्या बाजूला कोरडं, भुसभुशीत लागतं. आत पांढरे कडक दाणे दिसले तर घाबरायचं कारण नाही, मुरताना टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक तयार होतात आणि ते चांगल्या जुन्या चीजची खूण आहे. पृष्ठभागावर हिरवी-काळी लव असेल तर ती बुरशी. घरी कडक चीजवर ती आली तर चहूबाजूंनी आणि खोलवर अडीच सेंटीमीटर कापून बाकीचं वापरता येतं, सुरी मात्र बुरशीतून फिरवून चांगल्या भागात नेऊ नये. मऊ चीजवर आली तर सगळंच टाकायचं.

किलोचा भाव खरंच परवडायचा तर चार घरांनी मिळून घ्यावं. एका घराला २५० ग्रॅम म्हणजे महिन्या-दीड महिन्याचं चीज. वाटणी करताना आडवं कापू नका, नाहीतर एकाच्या वाट्याला नुसतं टोक आणि दुसऱ्याच्या वाट्याला साल येते. तुकडा फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवायचा. सालीपासून आतल्या टोकापर्यंत सुरीने अर्धा सेंटीमीटर खोल रेघ ओढायची, सालीवर जरा जोर लावून. मग आखूड, जाड पात्याच्या सुरीचं टोक त्या रेघेत दोन-तीन ठिकाणी रोवून मनगट हलकं फिरवायचं. चीज आपल्या आपण तडकतं आणि आतला भाग खडबडीत, दाणेदार निघतो. लांब पातळ सुरीने दाबून कापायला गेलात तर चुरा पडतो आणि सुरीचं पातंही मुडपतं. पडलेला चुरा डबीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा, तो किसल्यासारखा वापरता येतो.

प्रवासाला थर्मोकोलचा झाकणाचा डबा पुरतो. तळाला पूर्ण गोठवलेली एक लिटरची पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून, वर वर्तमानपत्राचे चार-पाच थर, मग चीज, आणि रिकामी जागा पुन्हा कागदाने भरायची. बर्फ चीजला थेट टेकू द्यायचा नाही, ओल सुटते. झाकणाला चिकटपट्टी लावायची आणि घरी पोचेपर्यंत उघडून बघायचं नाही. रात्रीची गाडी पकडावी. डबा सीटखाली, इंजिनाच्या किंवा उन्हाच्या बाजूला नको. चारचाकीत मागच्या डिकीत ठेवला तर उन्हाळ्यात डिकी ओव्हनसारखी तापते, म्हणून एसीत, पायाशी ठेवायचा. होळी ते मृग या काळात मी तरी कोणाला चीजसाठी खास मुंबईला जायचा सल्ला देणार नाही.

घरी आल्यावर पाकीट फोडलं की प्लास्टिक काढून टाकायचं. बटर पेपरात गुंडाळून सैल झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलं तर चीजला घाम सुटतो आणि त्या ओलीवर बुरशी धरते. नुसतं उघडं ठेवलं तर वाळून भेगाळतं आणि शेजारच्या लसणाच्या चटणीचा वास घेतं. आठवड्याला कागद बदलायचा. लोडशेडिंग असलेल्या गावात फ्रिजचं दार बंदच राहू द्यावं; कडक चीज तीन-चार तास सहज तग धरतं.

आता मऊ चीज. ज्या मुलखात म्हशीचं दूध दारात येतं तिथे रिकोटा आणि मास्कारपोने विकत घेणं मला पटत नाही. रिकोटा मुळात चीज बनवल्यावर उरलेल्या निवळीपासून करतात, पण घरी दुधापासून केलेला प्रकार तितकाच कामाचा आहे. दोन लिटर म्हशीचं दूध, अर्धा चमचा मीठ. मंद आचेवर कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत, म्हणजे ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवायचं, उकळी फुटू द्यायची नाही. गॅस बंद करून तीन मोठे चमचे लिंबाचा रस सगळीकडे शिंपडायचा, दोनदाच हलकं ढवळायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं. मग मलमलच्या फडक्यावर वीस मिनिटं निथळू द्यायचं, पिळायचं नाही. अर्ध्या किलोच्या आसपास मऊ रिकोटा मिळतो. जास्त ढवळलं, उकळलं किंवा वजन ठेवून दाबलं की त्याचं पनीर होतं. खाण्याचा काळ फ्रिजमध्ये तीन दिवस.

मास्कारपोनेला रेनेट लागतच नाही, आंबटानेच ते घट्ट होतं, त्यामुळे शाकाहाराचा प्रश्न मिटतो. अर्धा लिटर दाट क्रीम घ्यायचं, ३५ टक्क्यांच्या वर स्निग्धांश असलेलं. दुकानातलं २५ टक्क्यांचं फ्रेश क्रीम चालत नाही, ते कितीही निथळलं तरी पातळच राहतं, आणि बहुतेकांचं बिघडतं ते याच ठिकाणी. डेअरीतून सेपरेटरवर काढलेली ताजी साय मागा. ८५ अंशांवर आणून एक मोठा चमचा लिंबाचा रस घालायचा, पाच मिनिटं त्याच तापमानाला हलवत राहायचं. मिश्रण चमच्याच्या पाठीला जाड थर धरेल. पूर्ण गार झाल्यावर फडक्यातून फ्रिजमध्ये रात्रभर निथळायचं. पिझ्झाचं मोझरेला मात्र भारतीय कंपन्यांचंच घ्यावं. आयात ठोकळ्यासाठी दुप्पट पैसे मोजून भट्टीतून बाहेर आल्यावर काहीच वेगळं हाती लागत नाही.

वाइनकडे वळताना एक लक्षात ठेवा, इटलीत चीजच्या दुकानातच वाइनच्या बाटल्या लागलेल्या असतात, महाराष्ट्रात तसं नाही. सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय २०२२ साली मंत्रिमंडळाने घेतला होता, विरोधानंतर तो अमलात आला नाही. म्हणून चीज एका दुकानातून, वाइन परवानाधारक दुकानातून किंवा थेट वायनरीतून.

आयात वाइनवर वर्षानुवर्षे १५० टक्के सीमाशुल्क राहिलं आहे. सगळ्यात स्वस्त आयात बाटली घेतली की त्यातले बहुतेक पैसे कर, जहाजभाडं आणि मधल्या हातांत जातात, प्रत्यक्ष द्राक्षाच्या वाट्याला फार थोडे येतात. त्याच पैशात महाराष्ट्रातली वाइन कितीतरी सरस मिळते. इटालियन द्राक्षच हवं असेल तर सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या मळ्यात सांज्योव्हेजे पिकतं, कियांती या इटालियन वाइनचं मुख्य द्राक्ष तेच. त्यांची ‘सेत्ते’ ही सांज्योव्हेजे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों मिळून केलेली आहे. नाशिककडच्या झिनफांडेलकडेही बघा. डीएनए तपासणीत ते दक्षिण इटलीतल्या प्रिमितिव्होचंच द्राक्ष असल्याचं सिद्ध झालं आहे. धुळ्याहून महामार्गाने नाशिक दीडशे-एकशे साठ किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी परत. वायनरीत आधी चव घेऊन मग बाटली घेता येते, हा फायदा कुठल्याच सवलतीने भरून निघत नाही.

आयात बाटली घ्यायचीच, तर मोठ्या नावाच्या धाकट्या भावाची घ्या. बारोलो कमीत कमी ३८ महिने मुरवावी लागते. त्याच नेब्बियोलो द्राक्षाची लांगे नेब्बियोलो लवकर बाजारात येते. ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनो द्राक्ष तोडणीनंतर पाचव्या वर्षाआधी विकता येत नाही. त्याच गावातली रोस्सो दी मोंताल्चिनो पुढच्याच वर्षी येते. मळे शेजारी, द्राक्ष तेच, किंमत बरीच खाली. आमारोनेऐवजी व्हाल्पोलिचेल्ला रिपास्सो. दक्षिणेकडची मोंतेपुल्च्यानो दाब्रुत्सो आणि सिसिलीची नेरो दाव्होला यांना मोठ्या नावाचं ओझं नाही, म्हणून पैशाचा मोबदला बरा मिळतो. डीओसीजी, म्हणजे इटालियन वाइनच्या सगळ्यात वरच्या दर्जाच्या बाटलीच्या गळ्याला सरकारी क्रमांकाची पट्टी असते, ती बघून घ्या.

आमच्या उन्हात बाटली निवडताना अर्धं काम ती कुठे उभी होती ते बघण्याचं असतं. शटरजवळच्या, ट्यूबलाइटखालच्या रॅकवर एक उन्हाळा काढलेली बाटली अर्ध्या किमतीतही घेऊ नये. बूच गळ्याच्या कडेपेक्षा वर आलेलं, टोपीखाली चिकट ओघळ, वाइनची पातळी गळ्यातून खांद्यापर्यंत उतरलेली, पांढऱ्या वाइनला तपकिरी झाक, यातलं एकही दिसलं तर परत ठेवा. अशा वाइनला उकडलेल्या मनुकांचा वास येतो. स्वस्त पांढरी आणि रोझे तोडणीच्या वर्षापासून दोन वर्षांत पिऊन टाकायची असते, त्यामुळे जुन्या सालाच्या पांढऱ्या वाइनवरची सूट ही सूट नव्हे. मार्चमध्ये खोक्याने वाइन भरून ठेवू नका. धाब्याचं घर असेल तर आतली अंधारी खोली बरी, सिमेंटच्या स्लॅबखाली मात्र मेमध्ये फ्रिजच्या खालच्या कप्प्याशिवाय इलाज नाही.

नंदुरबार-नवापूरकडच्यांना सुरत जवळ पडतं आणि तापी लाइनने चीज आणणं सोयीचंही आहे. पण त्या गाडीत वाइनची बाटली नेऊ नका. नवापूरचं स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे, आणि पलीकडे दारूबंदी.

इटलीला जाणाऱ्यांसाठी थोडं. तिथे चीजच्या काउंटरवर भाव अनेकदा ‘एत्तो’चा लिहिलेला असतो, म्हणजे १०० ग्रॅमचा, किलोचा समजून चांगलाच घोळ होतो. ‘सोत्तोव्हुओतो’ म्हटलं की व्हॅक्यूम पॅक करून देतात. पार्माच्या आसपास डेअरीच्या स्वतःच्या दुकानातून घ्या आणि ‘मेझ्झानो’ आहे का विचारा. बाराव्या महिन्याच्या तपासणीत ज्या चाकात बारीक दोष निघतो त्याच्या सालीवर आडव्या समांतर रेघा कोरतात, ते हे दुसऱ्या प्रतीचं पार्मिज्यानो. अधिकृतच असतं, स्वस्त असतं, फार मुरवण्यासाठी नसतं, लगेच खायला उत्तम. परत येताना भारतात सीमाशुल्काशिवाय दोन लिटर मद्य आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. त्या चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून.

कडक चीज संपलं की साल उरते. पार्मेजान आणि ग्राना पादानोच्या सालीला मेण नसतं, ती वाळलेलं चीजच आहे. ब्रशने घासून धुवा, बोटाएवढे तुकडे करा आणि राजम्याच्या किंवा टोमॅटोच्या सूपमध्ये चाळीस मिनिटं शिजवा, मीठ नंतर घाला. मऊ झालेली साल तव्यावर भाजून खाता येते. काळं आवरण असलेल्या पेकोरिनोची आणि मेण लावलेल्या प्रोव्होलोनेची साल मात्र टाकून द्यायची.